रीसलिंग वाइन
रीसलिंग वाइन : रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीपासून तयार करण्यात येणारी सुगंधी श्वेत वाइन. रीसलिंगची लागवड आज ऑस्ट्रिया, फ्रान्सचा आल्सेस प्रांत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इ. अनेक प्रदेशांत होत असली, तरी तिचे मूळ स्थान जर्मनीतील ऱ्हाईन नदीचे खोरे हेच मानले जाते. ऱ्हाईनची उपनदी मोझेल आणि मोझेलला मिळणाऱ्या झार व रूव्हर या लहान नद्या यांच्या काठच्या उतारांवर या वाइनचा सर्वांत हलका प्रकार तयार होतो. त्यात अल्कोहॉलचे प्रमाण बहुधा ७ ते ९ टक्के, म्हणजे दक्षिण यूरोपातील सामान्य वाइनच्या मानाने बरेच कमी असते. द्राक्षातील थोडी नैसर्गिक साखर न आंबता तशीच शिल्लक राहते आणि तिला तोलून धरणारी ठसठशीत आम्लता जिभेला जाणवते. शरद ऋतूत तोडलेल्या द्राक्षांची ही वाइन पुढील वसंताच्या आरंभी बाटल्यांत भरली जाते. म्हणून वासंतिक पेय या नात्यानेही तिची ख्याती आहे. तिचा हा हलकेपणा निसर्गतःच लाभलेला आहे, असे वरवर पाहता वाटते. वास्तविक उत्तरेकडील थंडी आणि त्या थंडीशी शतकानुशतके झगडणाऱ्या शेतकऱ्यांचे श्रम या दोहोंच्या मेळातून तो निर्माण झाला आहे. दारिद्र्य, युद्धे, व्यापारी हव्यास व सदोष कायदे यांच्या आघातांतून ही वाइन टिकून राहिली. आता मात्र जी थंडी तिचा आधार होती, तीच कमी होत चालली आहे.

भूमी व हवामान : मोझेलचे खोरे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. द्राक्षवेलीच्या पारंपरिक लागवडीची उत्तर सीमा जवळपास येथेच संपते. अशा ठिकाणी द्राक्षे पिकायची, तर उपलब्ध सूर्यप्रकाशाचा कण न् कण वेलीला मिळाला पाहिजे. त्यामुळे नदीच्या नागमोडी वळणांमुळे तयार झालेले दक्षिणाभिमुख उतार लागवडीसाठी निवडले गेले. उतार जितका तीव्र, तितके सूर्यकिरण जमिनीवर अधिक सरळ पडतात. शिवाय नदीच्या पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचाही काही लाभ होतो. ब्रेम या गावाजवळील काल्माँट हा उतार सु. ६५ अंशांचा असून तो यूरोपातील सर्वांत तीव्र द्राक्षमळ्यांपैकी एक समजला जातो. येथील जमीन पाटीच्या दगडाच्या कपच्यांनी भरलेली आहे. हा दगड दिवसा तापतो आणि साठविलेली उष्णता रात्री हळूहळू बाहेर टाकतो. पावसाने कपच्या खाली घसरतात, तेव्हा त्या पुन्हा वर वाहून नेण्याचे काम मळेवाल्यांच्या अनेक पिढ्यांनी पाठीवरून केले आहे. अशा उतारांवर यंत्रांचा उपयोग फारसा होत नाही; त्यामुळे सपाट मळ्याच्या कितीतरी पट मनुष्यश्रम येथे लागतात.

रीसलिंगची वेल या परिस्थितीला विशेष अनुरूप आहे. तिचे लाकूड कठीण असल्याने ती हिवाळ्यातील कडाका सोसते. तिला पालवी उशिरा फुटत असल्याने वसंतातील उशिराच्या हिमतुषारापासून ती पुष्कळदा बचावते. तिची फळेही उशिरा, म्हणजे पूर्वी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पिकत. शरद ऋतूतील थंड रात्रींमुळे फळातील आम्लता टिकून राहते आणि दीर्घ काळ मंद गतीने पिकल्यामुळे सुगंधी द्रव्ये चांगली तयार होतात. जनुकीय चाचण्यांवरून रीसलिंगचे एक जनक हॉयनिश (फ्रेंच नाव गुए ब्लां) ही मध्ययुगातील सामान्य प्रतीची द्राक्षजात असल्याचे १९९० च्या दशकात सिद्ध झाले.

निर्मिती : द्राक्षांचा रस काढल्यावर तो थंड तळघरांतून आंबविला जातो. मोझेलमध्ये त्यासाठी ‘फूडर’ नावाचे सु. १,००० लिटरचे लाकडी पिंप परंपरेने वापरतात. आता पोलादी टाक्याही वापरात आहेत. आंबण्याची क्रिया चालू असताना हिवाळा सुरू होतो, तळघरातील तपमान उतरते आणि किण्वाची क्रिया मंदावून सर्व साखरेचे अल्कोहॉलात रूपांतर होण्यापूर्वीच थांबते. पूर्वी वसंतात ऊब वाढली, की पिंपांतील वाइन पुन्हा आंबू लागे. ती स्थिर होण्यास बराच काळ जाई. पहिल्या महायुद्धानंतर सूक्ष्मजीव गाळून काढणाऱ्या गाळण्यांचा प्रसार झाला आणि शिल्लक साखर असलेली वाइन पहिल्याच वसंतात बाटलीबंद करणे निर्धोक झाले. गंधकाच्या डायऑक्साइडाचा माफक वापर व कृत्रिम शीतन यांचीही त्यास जोड मिळाली. आज परिचित असलेली ताजी, गोडसर व हलकी रीसलिंग वाइन ही या अर्थाने जुन्या मळ्यांची आणि नव्या तंत्राची संयुक्त निर्मिती होय. त्यापूर्वीची अभिरुची बरीच वेगळी होती. ऱ्हाईनकाठची उत्तम वाइन पिंपात अनेक वर्षे मुरवून मगच पिण्याचा प्रघात होता. ब्रेमेन येथील नगरसभागृहाच्या तळघरात १६५३ सालची ऱ्हाईन वाइन पिंपात अद्यापि जतन केलेली आहे.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : मोझेलकाठी द्राक्षांची लागवड रोमन काळात सुरू झाली. ट्रीअर हे रोमन साम्राज्यातील एक प्रमुख नगर आणि चौथ्या शतकात सम्राटांचे निवासस्थान होते. तेथील दरबार व सीमेवरील सैन्य यांना वाइन लागे. बॉर्दोचा रहिवासी आणि राजपुत्र ग्रेशन याचा शिक्षक ऑसोनियस या लॅटिन कवीने सु. ३७१ मध्ये मोझेल नदीवर एक दीर्घ काव्य रचले. त्यात उतारावरील द्राक्षमळे, पाण्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबे आणि मळ्यांतील कामकऱ्यांनी नावाड्यांशी चालविलेली थट्टामस्करी यांचे वर्णन आढळते. नॉयमागेन या गावी १८७८ मध्ये वाइनची पिंपे वाहून नेणाऱ्या नौकेचे दगडी शिल्प सापडले. ते तिसऱ्या शतकातील एका वाइनव्यापाऱ्याच्या थडग्याचा भाग असावे. पीसपोर्ट येथे १९८५ मध्ये चौथ्या शतकातील एक मोठी रोमन द्राक्षरसशाळा उजेडात आली. या काळात नेमक्या कोणत्या जातीची द्राक्षे लावली जात, हे मात्र निश्चित करता येत नाही.

रोमन सत्तेच्या ऱ्हासानंतर द्राक्षशेतीचे ज्ञान प्रामुख्याने ख्रिस्ती मठांनी सांभाळले; कारण उपासनाविधीसाठी वाइन आवश्यक होती. सम्राट शार्लमेनविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. इंगेलहाइम येथील आपल्या प्रासादातून ऱ्हाईनच्या पलीकडील एका टेकडीवरचा बर्फ वसंताच्या आरंभी सर्वांत आधी वितळतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने तेथे वेली लावण्याची आज्ञा दिली, असे सांगतात. हीच टेकडी पुढे योहानिसबेर्ग या नावाने विख्यात झाली. कथेला ऐतिहासिक पुरावा नसला, तरी त्या प्रदेशातील मळेवाल्याचा अनुभव तीत नेमका उतरला आहे : ज्या उतारावर वसंत आधी येतो, तोच उतार शरदात फळ पिकवितो.

सिस्टर्शियन पंथीयांनी ११३६ मध्ये ऱ्हाईनगाऊ भागात स्थापन केलेला एबरबाख मठ हा मध्ययुगातील वाइननिर्मितीचे मोठे केंद्र ठरला. मठाच्या नौका ऱ्हाईनवरून कोलोनपर्यंत वाइन नेत आणि तेथून ती उत्तर यूरोपात जाई. तथापि त्या काळी एकाच मळ्यात अनेक जातींच्या वेली मिसळून लावल्या जात. मोझेलमध्ये एल्बलिंग ही भरघोस उत्पन्न देणारी परंतु आंबट व सामान्य प्रतीची जात प्रमुख होती. धर्मसंस्थेला व जमीनदाराला करापोटी वाइन द्यावी लागे; ती मापाने मोजली जाई, चवीने नव्हे. साहजिकच कमी पण उत्तम फळ देणारी वेल लावण्यात शेतकऱ्याला स्वारस्य नव्हते.

रीसलिंगचा उदय : रीसलिंगचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १३ मार्च १४३५ या दिवसाचा आहे. काट्सेनएल्नबोगेन या घराण्याच्या काउंटसाठी र्‍यूसेल्सहाइम येथील मळ्यात लावण्याकरिता रीसलिंगच्या वेली विकत घेतल्याची नोंद त्याच्या हिशेबपत्रात आढळते. एका महान वाइनचा इतिहास असा एका किरकोळ खर्चाच्या नोंदीपासून सुरू होतो. मार्च हा नव्या वेली लावण्याचा हंगाम असल्याने ही तारीखही समर्पकच आहे. जर्मनीत ती रीसलिंगचा जन्मदिवस म्हणून पाळली जाते. सोळाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ हीरोनिमस बॉक याच्या वनौषधिग्रंथातही या जातीचा निर्देश आहे.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) ऱ्हाईनच्या खोऱ्यातील असंख्य मळे उद्ध्वस्त झाले. पुनर्लागवडीच्या काळात रीसलिंगला संधी मिळाली. फुल्डा येथील धर्माधिपतीने १७१६ मध्ये योहानिसबेर्गचा मठ विकत घेतला आणि १७२० च्या सुमारास तेथे रीसलिंगच्या सु. २,९४,००० वेली लावविल्या. एकाच जातीचा इतका मोठा मळा ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. याच मळ्याशी १७७५ ची एक प्रसिद्ध घटना निगडित आहे. द्राक्षतोडणीची अनुज्ञा आणणारा घोडेस्वार फुल्डाहून वेळेवर परतला नाही आणि तोपर्यंत द्राक्षांवर बुरशी चढली. नाइलाजाने तीच द्राक्षे तोडून वाइन केली असता ती असामान्य निघाली. उशिरा केलेल्या तोडणीचे (श्पेटलेझ) महत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मोझेलमध्ये हे परिवर्तन राजाज्ञेने झाले. ट्रीअरचा अखेरचा इलेक्टर क्लेमेन्स व्हेंट्सेस्लाउस याने ८ मे १७८७ रोजी हलक्या प्रतीच्या वेली उपटून त्या जागी चांगल्या जातीच्या वेली लावण्याचा हुकूम काढला. भरपूर पीक देणाऱ्या वेली उपटणे गरीब शेतकऱ्यांना जड गेले असले पाहिजे. परंतु मोझेलच्या उतारांवर रीसलिंगचा प्रसार होण्यास ही आज्ञा मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाली.

एकोणिसावे शतक : फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत ऱ्हाईनचा डावा काठ फ्रान्सच्या ताब्यात गेला. धर्मसंस्थेच्या जमिनी १८०३ च्या सुमारास लिलावात निघाल्या आणि अनेक मळे खाजगी मालकीचे झाले. योहानिसबेर्गचा मळा नेपोलियनने मार्शल केलरमान यास दिला. १८१६ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून मेटरनिख याच्याकडे गेला. १८१५ मध्ये मोझेलचे खोरे प्रशियाच्या राज्यात समाविष्ट झाले. जकातीच्या संरक्षणामुळे तेथील वाइनला प्रशियाची विस्तीर्ण बाजारपेठ मिळाली आणि शेतकऱ्यांनी कर्जे काढून नवे मळे लावले. पुढे दक्षिणेकडील जर्मन राज्यांशी जकातीचे करार झाले आणि १८३४ मध्ये जकातसंघ (झोल्फेराइन) स्थापन झाला. दक्षिणेची स्वस्त वाइन प्रशियात मुक्तपणे येऊ लागताच मोझेलचे भाव कोसळले. त्यातच लागोपाठच्या थंड वर्षांत द्राक्षे पिकली नाहीत. कर्जबाजारी झालेल्या अनेक कुटुंबांनी देशांतर केले.

या दैन्याची दखल घेणाऱ्यांत ट्रीअरचाच सुपुत्र कार्ल मार्क्स (१८१८–८३) हा होता. मोझेलच्या मळेवाल्यांच्या हालअपेष्टा व त्यांविषयीची सरकारी अनास्था यांवर त्याने जानेवारी १८४३ मध्ये ऱ्हाइनिश झायटुंग या वृत्तपत्रात लेख लिहिले. त्याच वर्षी मार्चअखेर सरकारने ते पत्र बंद पाडले. या प्रश्नाच्या अभ्यासामुळे आपले लक्ष निखळ राजकारणाकडून आर्थिक संबंधांकडे वळले, असे मार्क्सने पुढे नमूद केले आहे. आज ज्या वाइनच्या नाजूकपणाची वाखाणणी केली जाते, तिच्या आंबटपणाने एके काळी शेकडो कुटुंबांची अन्नान्नदशा केली होती, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या संकटावर ट्रीअर येथील लूटव्हिख गाल (१७९१–१८६३) याने एक उपाय सुचविला. आंबविण्यापूर्वी द्राक्षरसात साखरेचे पाणी मिसळले, की आम्लता कमी होते आणि अल्कोहॉलही पुरेसे तयार होते. या पद्धतीने थंड वर्षांतील वाइनही विक्रीयोग्य झाली आणि लहान शेतकरी तगले. तथापि तिचा अतिरेक होऊ लागताच साखर न मिसळलेली, ‘नैसर्गिक’ वाइन हीच खरी, असा पक्ष पुढे आला. अशी वाइन लिलावाने विकणाऱ्या मळेवाल्यांनी १९१० मध्ये आपला संघ स्थापन केला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन वाइनची प्रतिष्ठा शिगेला पोहोचली. व्हिक्टोरिया राणीने १८४५ मध्ये होखहाइम येथील मळ्यास भेट दिली. त्या गावाच्या नावावरूनच इंग्रजीत ऱ्हाईनकाठच्या वाइनला ‘हॉक’ हे नाव पडले होते. ट्रीअर विभागातील मळ्यांची महसूलदृष्ट्या प्रतवारी दाखविणारा क्लोटेनचा नकाशा १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आजही संदर्भासाठी पाहिला जातो. १९०० च्या सुमारास मोझेलवरील ट्राबेन-ट्रारबाख हे गाव वाइनच्या व्यापारात बॉर्दोच्या खालोखाल गणले जाई. लंडनमधील व्यापाऱ्यांच्या दरपत्रकांत उत्तम रीसलिंगची किंमत बॉर्दोच्या नामांकित तांबड्या वाइनच्या बरोबरीची, क्वचित अधिकही असे.

विसावे शतक : पहिले महायुद्ध, त्यानंतरची चलनवाढ आणि अमेरिकेतील दारूबंदी यांमुळे या वैभवास ओहोटी लागली. त्याहून खोल जखम नाझी राजवटीत झाली. ऱ्हाईन व मोझेलच्या वाइनव्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. परदेशी ग्राहकांशी असलेले संबंध आणि चवीची पारख पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे चालत आली होती. १९३३ नंतर त्यांना टप्प्याटप्प्याने व्यवसायातून हुसकावून लावण्यात आले आणि १९३८ पर्यंत त्यांच्या पेढ्या बंद पाडल्या वा बळकावल्या गेल्या. जे देशाबाहेर जाऊ शकले, त्यांपैकी काहींनी परदेशात व्यवसाय पुन्हा उभा केला. अनेकजण मात्र छळछावण्यांत मारले गेले. वाइनच्या इतिहासात या प्रकरणाचा उल्लेख दीर्घकाळ टाळला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादन वाढविण्याकडे कल झाला. गायझेनहाइम येथील संस्थेत (स्थापना १८७२) हेरमान म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तयार केलेली म्यूलर-थुरगाऊ ही संकरित जात लवकर पिकणारी व भरघोस पीक देणारी होती. ती रीसलिंग व सिल्व्हानर यांचा संकर समजली जाई. परंतु तिचे जनक रीसलिंग व माडलेन रॉयाल हे असल्याचे पुढे जनुकीय चाचणीत आढळले. बटाटा वा बीट पिकविण्याच्या सपाट जमिनीतही ती येत असल्याने १९७० च्या दशकात तिने लागवडीच्या क्षेत्रात रीसलिंगला मागे टाकले. संकरित जातींपैकी गेओर्ख शॉय याने १९१६ मध्ये आल्त्साय येथे निर्माण केलेली शॉयरेबं ही मात्र सुगंधाच्या दृष्टीने खरोखर गुणी ठरली.

१९७१ च्या वाइन कायद्याने गुणवत्तेचे मोजमाप मुख्यतः द्राक्षरसातील साखरेवर बेतले. त्यासाठी फोर्ट्‌सहाइमचा सोनार फेर्डिनांड एक्स्ले (१७७४–१८५२) याने रूढ केलेली घनतेची श्रेणी वापरण्यात आली. साखर न मिसळलेल्या वाइनच्या चढत्या क्रमाने काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ, बेरेनआउसलेझ व ट्रोकनबेरेनआउसलेझ अशा पायऱ्या ठरल्या. गोठलेल्या द्राक्षांची आइसव्हाइन ही त्यांतच मोडते. यांपैकी काबिनेट ही सर्वांत हलकी पायरी होय. अधिक साखर म्हणजे अधिक गुण, असे समीकरण त्यामुळे रूढ झाले आणि तीव्र उतारावरील रीसलिंग व सपाटीवरील संकरित द्राक्षे यांना एकच माप लागले. याच कायद्याने सु. ३०,००० मळ्यांची जुनी नावे एकत्र करून ती सु. २,६०० वर आणली आणि विस्तीर्ण प्रदेशांना प्रसिद्ध मळ्यांसारखी भासणारी नावे दिली. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फेन’ हे एका उत्कृष्ट उताराचे नाव आहे, तर ‘पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग’ या नावाखाली अनेक गावांची सामान्य वाइन विकता येई. सामान्य ग्राहकास हा भेद कळणे शक्यच नव्हते.

याच सुमारास व्हर्म्स येथील चर्चच्या मळ्यावरून पडलेले ‘लीबफ्राउमिल्ख’ हे नाव धारण करणारी स्वस्त, गोड वाइन इंग्लंड-अमेरिकेत प्रचंड प्रमाणावर विकली जाऊ लागली. तिच्यात रीसलिंग नाममात्र असे वा नसेच. ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे १९८५ मध्ये उघडकीस आले आणि त्याचे धागेदोरे जर्मनीपर्यंत पोहोचले, तेव्हा जर्मन वाइनवरील विश्वासच डळमळला. गोडी म्हणजे भेसळ वा हीन अभिरुची, अशी समजूत दृढ झाली. प्रतिक्रिया म्हणून जर्मनीतील जाणकार ग्राहक साखरविरहित (ट्रोकन) वाइनकडे वळले. परंपरागत गोडसर काबिनेट मायदेशातच जुनाट वाटू लागली. भाव पडल्याने तीव्र उतारावरील श्रम परवडेनासे झाले, तरुण पिढी शहरांकडे गेली आणि मोझेलकाठच्या अनेक पायऱ्या झुडपांनी वेढल्या. या भागातील लागवडीचे क्षेत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस १२,००० हेक्टरांच्या आसपास होते. आता ते ९,००० हेक्टरांहूनही खाली आले आहे.

वसंतातील आस्वाद : मोझेलच्या मळ्यांत मार्च महिन्यात दोन कामे एकाच वेळी चालू असतात. उतारावर छाटलेल्या वेलींच्या लवचिक फांद्या वाकवून खांबाला बांधल्या जातात आणि खाली तळघरांत गतवर्षीच्या द्राक्षांची वाइन बाटल्यांत भरण्याची तयारी होते. मळ्यांच्या कडेची पीचची झाडे याच सुमारास गुलाबी फुलांनी बहरतात. फाल्ट्‌स या दक्षिणेकडील भागात बदामाच्या बहराचा उत्सव मार्चमध्येच होतो. मळेवाल्यांना वर्षातून चार महिने आपल्या घरी साधे उपाहारगृह चालवून स्वतःची वाइन विकण्याची मुभा आहे. दारावर लटकविलेल्या हिरव्या डहाळीच्या जुडग्यावरून त्यास ‘श्ट्राउसव्हिर्टशाफ्ट’ म्हणतात. हिवाळाभर मिटलेली दारे उघडून लोक उन्हात बाकांवर बसतात, तेव्हा भरदार व उष्ण वाइनपेक्षा हलकी काबिनेटच अधिक रुचते.

ही वाइन ८ ते १० अंश से. इतकी थंड करून, वर निमुळत्या होत जाणाऱ्या पेल्यातून पितात. उंच, सडपातळ बाटली ही तिची ओळख आहे. मोझेलची बाटली हिरवी, तर ऱ्हाईनची तपकिरी असण्याचा संकेत आहे. नव्या वाइनला हिरवे सफरचंद, लिंबाची साल, पांढरी पीच व फुले यांचा गंध असतो. जोडीला ओल्या पाटीच्या दगडासारखी एक खनिज छटाही रसिकांना जाणवते. प्रथम गोडी, लगेच आंबटपणा आणि शेवटी जीभ स्वच्छ करणारी कोरडी चव असा तिचा क्रम असतो. बाटलीत वर्षानुवर्षे राहिल्यास गोडी मागे सरते आणि मध व खनिज तेल यांची आठवण करून देणारा गंध येतो. वसंतातील खाद्यपदार्थांशी तिचे चांगले जमते. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत चालणारा पांढऱ्या शतावरीचा हंगाम, ओढ्यातील ट्राउट मासा आणि बकरीच्या दुधाचे ताजे चीज ही त्याची उदाहरणे होत. गोडी व आम्लता तिखटाचा दाह शमवीत असल्याने भारतीय व थाई पद्धतीच्या मसालेदार जेवणाबरोबरही तिची शिफारस केली जाते. सुगंधी व्हाल्टमाइस्टर वनस्पतीची पाने साध्या श्वेत वाइनमध्ये भिजवून केलेले ‘मायबोव्ले’ हे पेय मे महिन्यात लोकप्रिय असते.

सद्यःस्थिती : १९९० च्या दशकात रीसलिंगने जर्मनीतील लागवडीत पुन्हा पहिले स्थान मिळविले. आज देशातील सु. १,०३,००० हेक्टर द्राक्षक्षेत्रापैकी सु. २४,००० हेक्टर तिच्याखाली आहे. ओसाड उतार पुन्हा लागवडीखाली आणणारे काही तरुण मळेवाले पुढे आले. २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन साखरेऐवजी उगमस्थानास अधिक महत्त्व देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले.

तथापि या पुनरुज्जीवनाबरोबरच एक नवा पेच उभा राहिला आहे. जर्मनीचे सरासरी तपमान १८८१ पासून दीड अंशाहून अधिक वाढले आहे. पूर्वी दशकातील दोन-तीन वर्षेच द्राक्षे नीट पिकत. आता ती जवळपास दरवर्षी पिकतात आणि तोडणी पुष्कळदा सप्टेंबरमध्येच सुरू होते. प्रारंभी मळेवाल्यांनी या बदलाचे स्वागतच केले, कारण न पिकलेल्या द्राक्षांचे जुने भय संपले. परंतु द्राक्षे लवकर पिकल्यास साखर झपाट्याने वाढते, आम्लता उतरते आणि वाइन जड होते. ज्या काबिनेटला एके काळी कमीत कमी साखर गाठणेही अवघड होते, तिच्यासाठी आता साखर वाढण्यापूर्वी घाईने द्राक्षे तोडावी लागतात. छायेतील व उंचावरील, पूर्वी दुय्यम मानलेल्या मळ्यांना त्यामुळे मागणी येत आहे. वसंतही पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. उबदार मार्चमुळे वेलींना लवकर पालवी फुटते आणि एप्रिलमधील हिमतुषार ती जाळून टाकतो. एप्रिल २०१७ व एप्रिल २०२४ मध्ये अशा तुषाराने मोठे नुकसान झाले. याउलट उणे ७ अंश से. इतकी थंडी न पडल्याने २०१९ च्या हंगामात आइसव्हाइन देशात जवळपास कोठेच होऊ शकली नाही. दरम्यान रीसलिंगच्या वेली नॉर्वेपर्यंत पोहोचल्या आहेत.

रीसलिंगची वेल उत्तरेकडे नेता येते. परंतु मोझेलचा उतार, पाटीचा दगड आणि पिढ्यान् पिढ्या रचलेल्या दगडी पायऱ्या नेता येत नाहीत. क्लेमेन्स व्हेंट्सेस्लाउसच्या आज्ञेनंतरची दोन शतके मळेवाल्यांचा सारा खटाटोप फळाला थोडी अधिक ऊब मिळावी म्हणून होता. आज त्याच उतारांवर त्यांचे वंशज फळातील थंडावा राखण्यासाठी तितकाच खटाटोप करीत आहेत. वसंतारंभी पेल्यात येणारी हलकी काबिनेट टिकून राहणे यापुढे या प्रयत्नांवर अवलंबून आहे.